हुकूमशाहीचा पाया: वडशाच्या जंगलातून एक फेरविचार

फॅसिझमविषयीची मराठीतली चर्चा बहुतेक वेळा दोन प्रसंगांभोवती फिरत आली आहे. पहिला प्रसंग मार्च १९३१ चा. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे रोममध्ये मुसोलिनीला भेटले, तेथील युवकांच्या लष्करी शिक्षणाने प्रभावित होऊन परतले आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभी राहिली. दुसरा प्रसंग डिसेंबर १९७५ चा. आणीबाणी चालू असताना कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा जाहीर निषेध केला आणि पुढे त्यांना कारावास पत्करावा लागला. पहिल्या प्रसंगातून फॅसिझम हा एक आयात विचार म्हणून दिसतो, दुसऱ्यातून हुकूमशाही ही एक मुस्कटदाबी म्हणून दिसते. दोन्ही आकलने खरी आहेत. परंतु विचाराला आणि मुस्कटदाबीला उभे राहण्यासाठी जी जमीन लागते, तिची मीमांसा या दोहोंत होत नाही.

इटलीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९२० ते १९२२ या काळात पो नदीच्या खोऱ्यात काळ्या डगल्यांच्या टोळ्यांना बड्या जमीनदारांनी पैसा पुरवला. या टोळ्यांचे मुख्य लक्ष्य शेतमजुरांचे संघ आणि सहकारी संस्था हे होते, कारण कोणाला काम द्यायचे आणि कोणत्या दराने, हे ठरवण्याची शक्ती त्या संघांनी जमीनदारांकडून काढून घेतली होती. वृत्तपत्रांना कायद्याने जखडणे, संपाला बंदी, विरोधी पक्षांचे विसर्जन हे सारे सत्ता हाती आल्यानंतर, १९२६ अखेरपर्यंत पुरे झाले. तोंड बंद होण्याआधी हात बांधले गेले होते. म्हणून भाषणबंदीवरून हुकूमशाहीचे मोजमाप करणारी समीक्षा ते उशिरा करते. जगण्याचे साधन आणि शिक्षेचा अधिकार एकाच हाती येतो, तेव्हा पाया घातला गेलेला असतो.

या विधानाची परीक्षा घेण्यासाठी वैनगंगेकाठच्या वडशाइतके उचित ठिकाण क्वचितच सापडेल. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे गोंदिया–नागभीड–चांदा फोर्ट लोहमार्गावरचे गाव. गडचिरोली जिल्ह्यातले दीर्घकाळचे एकमेव रेल्वे स्थानक आणि एका वनविभागाचे मुख्यालय. जंगल जिथे संपते आणि बाजार जिथे सुरू होतो, असा हा उंबरठा. जुन्या चांदा जिल्ह्याच्या या भागात जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या होत्या. जळण, कुंपणाचा बांबू, चराई या गरजा रयत ‘निस्तार’ म्हणून जंगलातून भागवीत असे. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालकी हक्क नष्ट झाले, जंगल सरकारजमा झाले आणि निस्तार ही नोंदवहीतली सवलत उरली. जमीनदार जुलमी असला तरी त्याच्याविरुद्ध सरकारकडे दाद मागण्याची निदान कल्पना करता येत होती. सरकारच मालक झाल्यावर ती कल्पनाही पुसट झाली.

हे सरकार कोणत्या कायद्याने चालले, हे पाहणे आवश्यक आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे कलम ६९ असे गृहीत धरते की वादातला वनोपज उलट सिद्ध होईपर्यंत सरकारचाच आहे. कलम ६४ वन अधिकाऱ्याला वॉरंटाविना अटकेचा अधिकार देते. कलम ७२ नुसार त्याला चौकशी करण्याचे व साक्षीपुरावा नोंदवण्याचे अधिकार देता येतात आणि कलम ६८ नुसार पैसे घेऊन गुन्हा मिटवण्याचे. मालक, पोलीस, तपासनीस आणि दंड ठरवणारा हे सारे एकाच गणवेशात सामावले. मोळी घेऊन घरी परतणाऱ्या बाईला न्यायालयाचे दार या व्यवस्थेत क्वचितच दिसत असे. तिला दिसत असे तो नाका.

यालाच व्यापाराची जोड मिळाली. १९६९ च्या अधिनियमाने महाराष्ट्रात वनोपजाच्या व्यापाराचे नियमन सरकारकडे घेतले आणि तेंदूपत्ता त्याच्या कक्षेत आला. कडक उन्हात पाने तोडायची, पुडे बांधायचे, संकलन केंद्रावर मोजून द्यायचे. पाने कोणाला विकायची हे मात्र तोडणाऱ्याने ठरवायचे नाही. बांबू कागद कारखान्यांना सवलतीने मिळे, बुरडाला मात्र परवान्यासाठी खेटे घालावे लागत.

याला फॅसिझम म्हणावे काय? शब्द जपून वापरायचा तर नाही. फॅसिझमला जनसमूहाचा उन्माद लागतो, नेता लागतो, राष्ट्राच्या पुनरुत्थानाची कथा लागते. वनखात्याला यातले काहीच लागले नाही. त्याला केवळ शांतता पुरली. तथापि हॅना आरेंट यांनी १९५१ मध्ये मांडलेला मुद्दा येथे लागू पडतो: वसाहतींत फर्मानांवर चाललेली नोकरशाही ही युरोपातल्या सर्वंकष सत्तेची एक पूर्वपीठिका होती. १९२७ चा कायदा ही तशीच वसाहतीची निर्मिती आहे आणि स्वातंत्र्यानंतर ती लोकशाहीच्या पोटात सुखरूप राहिली. फॅसिस्ट राजकारणाला यंत्र नव्याने घडवावे लागतेच असे नाही. पुष्कळदा ते तयार स्थितीत सापडते.

येथे डॉ. आंबेडकरांच्या विचारातला एक ताण समोर येतो. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले, कारण खासगी मालकाच्या हाती रोजीरोटी असणे हीच हुकूमत असते. वनाच्या सरकारी मालकीने हे निदान खोटे ठरवले नाही; उपाय मात्र अर्धवट राबवला. आंबेडकरांना अभिप्रेत मालकी मूलभूत अधिकारांच्या कुंपणात होती. जंगलात मालकी आली आणि कुंपण नागरिकाभोवती पडले.

१९८० नंतर गडचिरोलीत नक्षलवादी आले, ते याच पोकळीत. तेंदूची मजुरी वाढली, वन कर्मचाऱ्यांचा धाक ओसरला. परंतु लवकरच त्यांनीही ठेकेदारांकडून वसुली केली, खबऱ्या ठरवून माणसे मारली. आरोप, निवाडा आणि शिक्षा पुन्हा एका हाती आली. राज्याचे उत्तर ‘टाडा’ होते. १९८५ मध्ये आलेला आणि १९९५ मध्ये मुदत संपलेला हा कायदा येथील आदिवासींवरही लावला गेला. आणीबाणी एकवीस महिन्यांनी संपली. येथे अपवादाची स्थिती हीच रीत राहिली.

मराठी साहित्यविचाराने याची दखल कमी घेतली, त्याचे एक कारण रचनेचे आहे. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. धान कापणीनंतर येथून निघालेल्या मंडळ्या रात्रभर नाटके करतात. अशा सामाजिक नाटकाला जुलमी माणूस लागतो, त्याला चेहरा लागतो, शेवटच्या अंकात त्याचे पतन लागते. आणीबाणीच्या लेखनालाही असा चेहरा मिळाला होता. कलमे, नाके आणि परवाने यांना चेहरा नसतो. जुलूम व्यक्तीत शोधणाऱ्या वाङ्मयाला व्यवस्थेतला जुलूम दिसणे अवघड जाते.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने या व्यवस्थेचा सांधा नेमका ओळखला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण तो गौण वनोपज नसून झाड आहे असा वनखात्याचा दावा होता आणि वाहतूक परवाना खात्याच्या हाती होता. एप्रिल २०११ मध्ये परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा कागदावरचा हक्क खरा झाला. सत्तांतर निवडणुकीने होते हे खरे; पण एका परवाना पुस्तकाचे हस्तांतरणही सत्तांतर असू शकते. हुकूमशाहीचा विचार करणाऱ्या समीक्षेने म्हणूनच दोन प्रश्न बरोबरीने विचारले पाहिजेत: बोलण्याची परवानगी कोण देतो, आणि मोळी घेऊन नाका ओलांडण्याची परवानगी कोण देतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे राहिले, तर पहिल्याचे बरोबर उत्तर फार काळ टिकत नाही.