मळलेली बाहुलीघरं

मंडळी, गेल्या वेळी ‘पुरावा म्हणजे काय’ इथे आपण थांबलो होतो. आज तोच धागा धरून बाहुलीघरात शिरू. हसू नका.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांनी करवून घेतलेल्या ६८ छोट्या खोल्या आहेत. फुटाला इंच हे प्रमाण. सुंदर, लखलखीत; पण तिथे कुणी कधी राहिलं असेल असं आम्हाला तरी वाटत नाही. त्याच शहरात १८७८ साली जन्मलेल्या फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४०च्या दशकात त्याच प्रमाणात खोल्या केल्या, त्यांतल्या बऱ्याच मात्र कळकट. तिथे मृतदेह आहेत, आणि पोलिसांनी खोली वाचून मृत्यूचं कारण शोधायचं. हार्वर्डच्या न्यायवैद्यक विभागाला पैसा याच बाईंचा, शिकवणीही त्यांचीच. नजर एका टोकापासून घड्याळाच्या दिशेने फिरवत मध्यापर्यंत आणा, असं त्या सांगत.

आता मळ. नवशिका कारागीर सगळीकडे सारखा तपकिरी रंग फासतो. खोली जुनी न दिसता नुसती घाण दिसते. मळ असा पसरत नाही. हात लागतो तिथे, दाराच्या मुठीभोवती तो साचतो. पाय पडतो तिथे रंग उडतो. काजळी चुलीच्या वर धरते. म्हणून पातळ रंग लावायचा, लगेच फडक्याने पुसायचा, खाचेत राहील तेवढाच ठेवायचा. आम्ही वर्गात जन्मभर धूर आणि अग्नी शिकवला. इथे बाई उलट्या बाजूने निघाल्या, आधी अग्नी, मग धूर. जळक्या केबिनचा प्रसंग हवा होता, तेव्हा केबिन आधी पूर्ण बांधून घेतली, आणि मग जाळली!

एवढा खटाटोप कशासाठी? भाड्याच्या खोलीत कुणी गरीब बाई मेलेली असली, की बघणारा गचाळपणा बघतो आणि कारण ठरवून मोकळा होतो. लीबाई स्वतः गर्भश्रीमंत. तरी त्यांनी अशाच खोल्यांवर महिनोन्‌महिने घालवले. तिथला डाग म्हणजे त्या माणसाचा दिनक्रम.

यांतल्या १८ प्रतिकृती आज बाल्टिमोरला मुख्य वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयात आहेत. अजून त्यांवर शिकवतात, म्हणून उत्तरं गुप्त. पण दुरुस्ती करणाऱ्याचा विचार करा: या कोपऱ्यातली धूळ सत्तर-ऐंशी वर्षांत बसलेली, की बाईंनी मुद्दाम लावलेली? फडकं हातात घेऊन तो उभा आहे.