ट्रॉम्बेतला पेंटियम

मागच्या महिन्यात मुलुंडहून भाच्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाचा काउंटर, त्यावर तळहाताएवढी चंदेरी चिप, आणि खाली मजकूर: 'मामा, १४ कोअर आहेत! घेऊ का?'

चिप होती इंटेलची झिऑन ई५-२६८० व्ही४. २०१६ सालची, सर्व्हरसाठी बनवलेली. कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये काही वर्षं अहोरात्र राबून निवृत्त झालेली आणि हात बदलत बदलत ग्रँट रोडला पोचलेली. तिच्या शेजारी सहा कोअरचा नवाकोरा डेस्कटॉप प्रोसेसर होता, आणि तो महाग होता. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत, आणि ते एकदाच खर्च होणार आहेत. एका पारड्यात १४, दुसऱ्यात ६, आणि १४ स्वस्त. त्याच्या जागी मी असतो तर मीही गोंधळलो असतो.

'नको' असं टाइप केलं आणि पुसलं. कारण हाच प्रश्न मुलुंडपासून तासाभराच्या अंतरावर, मानखुर्दच्या पलीकडे ट्रॉम्बेत, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी फार मोठ्या कामासाठी विचारला गेला होता. सर्व्हरची चिप घ्यायची, की घरच्या पीसीतली? त्याचं उत्तर तिथे कसं निघालं, ते भाच्याला सांगायला बसलो. ते लांबत गेलं, म्हणून इथे लिहितोय.

मागून न मिळणारं यंत्र

ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजे बीएआरसी. अणुभट्टीचं गणित हातानं होत नाही, त्यामुळे या लोकांना संगणकाची गरज पहिल्यापासून होती. १९६९मध्ये त्यांनी टीडीसी-१२ नावाचा संगणक इथेच बांधला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. पुढे तो हैदराबादच्या ईसीआयएलनं बाजारातही आणला.

पण १९८०च्या दशकात गणितं फुगली आणि जगात 'सुपरकॉम्प्युटर' या शब्दाचा अर्थ एकच होता: क्रे. अमेरिकेतल्या क्रे कंपनीची यंत्रं. त्यातला प्रोसेसर दुकानात मिळणारा नव्हता, तो त्या यंत्रासाठीच घडवलेला असे. किंमत कोट्यवधींत. शिवाय पैसे असून भागत नसे, अमेरिकी सरकारचा निर्यात परवाना लागे. भारतानं क्रे मागितला तेव्हा बरीच घासाघीस झाली आणि अखेर मागितल्यापेक्षा कमी ताकदीचं मॉडेल, एक्स-एमपी/१४, हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीला आलं. ते कशासाठी वापरायचं याच्या अटींसकट. हवामान खात्याची ही कथा, तर अणुसंशोधन केंद्राला कुणी असं यंत्र विकेल ही आशाच नको.

मग देशात एकाच वेळी अनेक ठिकाणी लोक एकाच निष्कर्षावर आले. एक राक्षसी प्रोसेसर मिळत नसेल तर पुष्कळ साधे प्रोसेसर जोडायचे. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा होत्या. 'परम'ची गोष्ट आपल्याकडे शाळेतही सांगतात. त्याच वर्षी ट्रॉम्बेत जे झालं ते फारसं कुणी सांगत नाही.

चार चिपा, ३४ मेगाफ्लॉप

बीएआरसीच्या यंत्रमालिकेचं नाव 'अनुपम'. १९९१मधला पहिला अनुपम म्हणजे इंटेलच्या आय८६० या फक्त चार चिपा. त्यांनी मिळून प्रत्यक्ष कामात दिलेला वेग ३४ मेगाफ्लॉप. म्हणजे सेकंदाला ३ कोटी ४० लाख दशांश गणितं. तुमच्या हातातला फोन याच्या हजारो पट वेगवान आहे.

या आकड्यातच एक धडा आहे. आय८६०ची एकच ४० मेगाहर्ट्झची चिप कागदावर ६० ते ८० मेगाफ्लॉपची होती. चार चिपांचे निदान २४० व्हायला हवेत, आणि मिळाले ३४. यात ट्रॉम्बेच्या मंडळींचं काही चुकलं नव्हतं. ती चिप जगभर सगळ्यांनाच छळत होती. कागदावरचा वेग गाठायला प्रोग्राम फार बारकाईनं, चिपच्या कलानं लिहावा लागे, आणि चिपा आपापसांत बोलण्यात जो वेळ जातो तो वेगळाच. खोक्यावर छापलेला आकडा आणि आपल्या कामात मिळणारा आकडा हे दोन वेगळे आकडे असतात. '१४ कोअर!' वाचताना हे आठवावं.

चिपा जोडून काम होतं की नाही, हे कामाच्या जातीवर ठरतं. बोर्डाच्या परीक्षेचे पेपर तपासायचेत. शंभर परीक्षकांना गठ्ठे वाटले की काम जवळपास शंभरपट लवकर संपतं, कारण माझ्या गठ्ठ्याचा तुमच्याशी संबंध नाही. अणुभट्टीत एकेक न्यूट्रॉन कुठे जाईल, कशावर आपटेल, हे लाखो वेळा फासे टाकल्यासारखं मोजायची एक पद्धत आहे. तिला मॉन्टे कार्लो म्हणतात. ते काम पेपर तपासण्याच्या जातीचं. हवामानाचं तसं नाही. कोकणावरच्या हवेचं पुढच्या दहा मिनिटांत काय होणार, हे घाटावरच्या हवेला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. इथे प्रत्येक पावलाला शेजाऱ्याशी बोलावं लागतं, आणि प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी बोलायची तार हळू असेल तर सगळे ताटकळतात.

अल्फा की पेंटियम

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अनुपमपुढे दोन वाटा होत्या, आणि बीएआरसीनं दोन्ही चालून पाहिल्या.

पहिली वाट डीईसी कंपनीच्या अल्फा प्रोसेसरची. सर्व्हर आणि वर्कस्टेशनसाठी बनवलेला, दशांश गणितात त्या काळचा दादा. त्यावर 'अनुपम-अल्फा' उभा राहिला. दुसरी वाट पेंटियमची. कॉलेजच्या लॅबमध्ये, बँकेच्या शाखेत, अंधेरी-बोरिवलीच्या सायबर कॅफेत जे खोकं असायचं, तेच. जानेवारी १९९८मध्ये 'अनुपम-पेंटियम'चं काम सुरू झालं. सुरुवात पुन्हा चार यंत्रांनीच, २६६ मेगाहर्ट्झचे पेंटियम-टू. उद्देश दोन: खर्च कमी आणि सुटे भाग सहज मिळावेत.

दुसरा उद्देश मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मे १९९८मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेनं निर्बंध घातले, आणि त्या वर्षअखेरीपर्यंत बीएआरसीचं नाव अमेरिकेच्या निर्यातबंदीच्या यादीत होतं. काम त्याआधी चार महिने सुरू झालं होतं, तेव्हा चाचण्यांमुळे पेंटियम निवडला असं म्हणता येणार नाही. पण ज्या संस्थेला आधीपासून नकार ऐकायची सवय आहे, ती जगातल्या प्रत्येक बाजारात मिळणारी वस्तू का निवडेल, हे कळायला जड नाही. खास सर्व्हरची पाटी बिघडली तर पत्रव्यवहार, परवाना, महिनोन्‌महिने वाट. पीसीचा मदरबोर्ड बिघडला तर दुसरा आणायचा.

हे वेड फक्त आपलं नव्हतं. १९९४मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीच्या १६ प्रोसेसरची साधी यंत्रं इथरनेटच्या तारेनं जोडून, त्यावर लिनक्स घालून 'बेओवुल्फ' बनवला होता. १९९७मध्ये जगातल्या सर्वांत वेगवान यंत्रांच्या यादीत पहिला आलेला अमेरिकेचा 'आस्की रेड' हजारो पेंटियम प्रो चिपांचा होता. पेंटियम-टू हा त्याच घराण्यातला धाकटा भाऊ.

अनुपम वाढत गेला. २०००च्या सुमारास ८४ पेंटियम-थ्रीचं यंत्र झालं, वेग १५ गिगाफ्लॉप. पहिल्या चार चिपांच्या चारशे पटींहून जास्त, दहा वर्षांच्या आत.

आणि मग एक गंमत झाली. २००३च्या सुमाराचा 'अनुपम-झेनॉन' पुन्हा सर्व्हरच्या चिपेवर गेला: इंटेलच्या झिऑनवर. ही माघार होती का? झिऑन आला कुठून ते पाहा. जून १९९८मध्ये इंटेलनं पेंटियम-टू झिऑन काढला. आतला गाभा साध्या पेंटियम-टूचाच. फरक आजूबाजूला: पूर्ण वेगानं चालणारी मोठी कॅश, एकाच बोर्डावर चार प्रोसेसर बसवायची सोय, जास्त मेमरी, आणि किंमत कितीतरी जास्त. अल्फासारखे खास सर्व्हरसाठी जन्मलेले प्रोसेसर पुढच्या काही वर्षांत मागे पडले आणि घरच्या पीसीचं घराणंच सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसलं. ट्रॉम्बेनं ज्या घराण्यावर भरवसा टाकला होता, तेच टिकलं.

उलटलेला एक बिट

मग साधी चिप असताना सर्व्हरच्या चिपेला जास्त पैसे का मोजायचे? याचं उत्तर वेगात नाही, चुकीत आहे.

मे २००३मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक गावी निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त मोजली गेली. एवढी मतं तिला मिळणं शक्यच नव्हतं म्हणून ते पकडलं गेलं. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. मेमरीतला एकच बिट शून्याचा एक झाला होता. प्रोग्राममध्ये चूक सापडली नाही. अंतराळातून येणाऱ्या किरणांनी तो उलटला असावा, असा अंदाज मांडला गेला.

सर्व्हरच्या मेमरीत यावर उपाय असतो, त्याला ईसीसी म्हणतात. दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट साठवायचे. एक बिट उलटला तर तो ओळखून दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान धोक्याची घंटा वाजते. बहुतेक घरगुती पीसींत हे नसतं. गाणं ऐकताना एक बिट उलटला तर कुणाला कळणारही नाही. पण हजार यंत्रं आठवडाभर एकच गणित करत असतील तर?

व्हर्जिनिया टेक विद्यापीठानं २००३मध्ये हे अनुभवानं शिकून घेतलं. त्यांनी ॲपलचे ११०० पॉवर मॅक जी५, म्हणजे टेबलावरचे डेस्कटॉप, जोडले आणि जगात तिसरा नंबर मिळवला. फार थोड्या खर्चात. पण त्या यंत्रांत ईसीसी मेमरी नव्हती. पुढच्याच वर्षी सगळी यंत्रं काढून ईसीसी असलेले एक्ससर्व्ह सर्व्हर बसवले. गुगलनंही सुरुवातीला स्वस्त, साध्या भागांवर दुकान मांडलं होतं. २००९मध्ये त्यांच्याच यंत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांत चुका सापडल्या होत्या.

यंत्र बंद पडलं तर कळतं. चुकीचं उत्तर मात्र बरोबर उत्तरासारखंच दिसतं. अणुभट्टीच्या भिंतीची जाडी काढताना कुठली चूक परवडेल आणि कुठली नाही, हा प्रश्न वेगाच्या आधी येतो.

पुन्हा काउंटरवर

भाच्याला हे सगळं सांगून झाल्यावर मी तीन प्रश्न विचारले. तुझं काम वाटून होण्यासारखं आहे का? भाग बिघडला तर बदली कुठून आणशील? आणि चूक झाली तर काय बिघडेल?

त्याचं काम: व्हिडिओ एडिटिंग, गेम, कॉलेजचं प्रोजेक्ट. गेमला चौदा सावकाश हातांपेक्षा थोडे चपळ हात लागतात, आणि या झिऑनचा एक कोअर जोर लावूनही ३.३ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. त्यात ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड हवंच. मदरबोर्ड आडवळणाच्या कंपनीचा, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दाची. रोज आठ तासांत शंभर वॉट जास्त ओढले तर महिन्याला २४ युनिट वाढले. आणि एखादा बिट उलटलाच तर गेम बंद पडेल, इतकंच.

त्यानं सहा कोअरचा घेतला. त्याच्या मित्रानं मात्र तीच झिऑन उचलली. तो ॲनिमेशन करतो, रात्रभर एकेक फ्रेम रेंडर होत राहते, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र. पेपर तपासायचं काम. त्याचंही बरोबरच आहे.

एक गोष्ट मी त्यांना शेवटी सांगितली. २०१८मध्ये पुण्यात, पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'प्रत्यूष' नावाचा महासंगणक सुरू झाला. मान्सूनचा अंदाज काढायला. बनावट कुणाची? क्रेची. तीस वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी अटी मान्य कराव्या लागल्या होत्या, तोच क्रे. आणि त्याच्या आत खास घडवलेला प्रोसेसर नाही, तर इंटेलच्या झिऑन ई५ व्ही४ चिपा, हजारोंनी.

मित्रानं लगेच पिशवीतून आपली चिप काढली, पाठीवरचा नंबर पुन्हा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे ही त्यांच्यातलीच?"

त्याच पिढीतली, म्हटलं. फक्त तिचं काम आता मुलुंडला आहे.