पिकप अ‍ॅव्हरेज किती देते?

अमेरिकेत गाडी घेतली असं घरी फोनवर सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, केवढ्याला पडली? दुसरा, अ‍ॅव्हरेज किती देते? इकडच्या माणसाला दुसरा प्रश्न विचारून बघा. ओहायोतला माझा शेजारी प्लंबर आहे. त्याच्याकडे पाऊण टनी म्हणतात तसली भली थोरली पिकप आहे. ट्रकची ओढायची ताकद किती, टॉर्क किती, हे त्याला तोंडपाठ. अ‍ॅव्हरेज विचारलं तर खांदे उडवतो. महिन्याचं तेलाचं बिल मात्र बरोबर सांगतो, आणि ते सांगताना त्याचा चेहरा उतरतो.

त्याच्याबरोबर एकदा डीलरकडे गेलो होतो. नव्या ट्रकच्या काचेवर किमतीचं स्टिकर होतं, आणि त्यावर अ‍ॅव्हरेजचा आकडा नव्हता. आधी वाटलं फाटला असेल. मग कळलं की तो नसतोच! भरलेल्या ट्रकचं कमाल वजन ८५०० पौंडांच्या वर गेलं (आपल्याकडे कागदपत्रांत जीव्हीडब्ल्यू लिहितात ना, तेच, सुमारे ३८५० किलो) तर पिकपच्या कंपनीवर तो आकडा छापायची सक्ती नाही. दाढीच्या ब्लेडपासून मिठाच्या पुडीपर्यंत सगळ्यावर सगळं छापणाऱ्या देशात, सर्वांत जास्त तेल पिणाऱ्या ट्रकवर ते किती पितो हेच छापलेलं नाही! तिथून मी या विषयाच्या मागे लागलो.

आधी इंजिनिअरिंगचं थोडक्यात उरकून घेतो. टाकीतल्या पेट्रोलच्या उर्जेपैकी साधारण पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीची बहुतेक उष्णता होऊन जाते. चाकांपर्यंत पोचलेली उर्जा तीन जागी खर्च होते: वजन हलवायला, टायरच्या घर्षणात आणि हवा कापायला. वजन दहा टक्के कमी केलं तर अ‍ॅव्हरेज सहा ते आठ टक्के सुधारतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ताशी ५५ मैलांऐवजी ७५ ने गेलात की तो जवळजवळ १.९ पट होतो. पिकप म्हणजे चाकांवरची भिंत, त्यामुळे तिला हे जास्तच जाचतं. वर लोक ती उचलून घेतात, ट्रॅक्टरला शोभतील असले टायर लावतात. मागे ट्रेलर जोडला तर आकडा निम्म्यावरही येऊ शकतो. (मागचं फाळकं उघडं ठेवलं की हवा निघून जाते आणि तेल वाचतं ही इथली लाडकी समजूत. सहसा उलटंच होतं. फाळकं बंद असलं की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते.)

हे सगळं खरं आहे आणि कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण अमेरिकन पिकपचं अ‍ॅव्हरेज पन्नास वर्षांत असं का रेंगाळलं, हे यातून कळत नाही. त्याचं उत्तर कायद्याच्या कलमांत आहे, आणि गोष्ट सुरू होते चक्क कोंबडीपासून.

१९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठमोठ्या पोल्ट्र्यांतली स्वस्त कोंबडी युरोपात धो धो जायला लागली. तिथले शेतकरी ओरडले, आणि १९६२ मध्ये युरोपीय सामायिक बाजाराने तिच्यावरची जकात वाढवली. वाटाघाटी फसल्या. मग डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बदला म्हणून चार वस्तूंवर जकात लावली: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. ट्रकवर २५ टक्के! रोख होता जर्मनीच्या फोक्सवॅगनवर, जिच्या छोट्या व्हॅन आणि पिकप इकडे खपत होत्या. स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडीवरची वाढ पुढे मागे घेतली गेली. ट्रकवरची पुढची कित्येक दशकं राहिली. इथे तिला 'चिकन टॅक्स' म्हणतात.

याचा अ‍ॅव्हरेजशी काय संबंध? छोटे, काटकसरी ट्रक बनवण्यात जपानी आणि जर्मन तरबेज होते, आणि त्यांच्याच वाटेत ही भिंत उभी राहिली. मोटारींत टोयोटा-होंडाने डेट्रॉईटला घाम फोडला, तसा पिकपमध्ये फोडता आला नाही. पळवाटा निघाल्या म्हणा. काही वर्षं जपानी ट्रक हौद्याशिवाय आणायचे, त्यावर चारच टक्के जकात, आणि इथे हौदा बसवायचा. १९८० मध्ये ते दार बंद झालं. सुबारूने तर कमाल केली. ब्रॅट नावाच्या तिच्या चिमुकल्या पिकपच्या उघड्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन सीटा ठोकल्या, आणि हा ट्रक नव्हे, प्रवासी गाडी आहे, असं सांगून टाकलं! सरकारने ते मान्यही केलं.

आता १९७३ वर येऊ. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं, आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. पंपावर रांगा लागल्या. जानेवारी १९७४ मध्ये निक्सनने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही केली. (वरचं वेगाच्या वर्गाचं गणित आठवा. लोकांना ती मर्यादा अजिबात आवडली नाही, १९८७ मध्ये सैल झाली आणि १९९५ मध्ये गेली.) डिसेंबर १९७५ मध्ये मुख्य कायदा आला. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी ठराविक आकड्याच्या वर हवी, नाहीतर दंड. मोटारींसाठी १९७८ ला गॅलनला १८ मैल, १९८५ पर्यंत २७.५, म्हणजे लिटरला ११.७ किलोमीटर. हे आकडे कायद्यातच लिहिलेले होते.

ट्रकसाठी मात्र कायद्यात आकडाच लिहिला नाही. वाहतूक खात्याने जमेल तेवढा ठरवावा, एवढंच. कारण समजण्यासारखं आहे. १९७५ मध्ये पिकप शेतकऱ्याची, सुताराची, प्लंबरची. त्याच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? खात्याने १९७९ साठी साध्या दोन चाकी ओढीच्या पिकपला १७.२ मैल ठरवले. तेव्हा पिकप, व्हॅन वगैरे मिळून नव्या गाड्यांत पाचातली एक असायची, त्यामुळे ही सवलत फार महाग पडेल असं कुणाला वाटलं नाही.

आणि इथे येते माझी सगळ्यात आवडती गोष्ट. १९७५ च्या मॉडेलपासून प्रदूषणाच्या नव्या नियमांमुळे बहुतेक गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल लागायला लागलं. पण ट्रकचं भरलेलं वजन ६००० पौंडांच्या वर असेल तर त्यातून सुटका. फोर्डचा तेव्हाचा लोकप्रिय ट्रक होता एफ-१००. फोर्डने त्याच वर्षी एक नवा ट्रक आणला, वजनाची नोंद ६००० च्या किंचित वर, नाव एफ-१५०. जुनं स्वस्त पेट्रोल चालतं, कन्व्हर्टर नको. गिऱ्हाईक खूष. पुढे ज्याने अमेरिकेत दशकानुदशकं सर्वाधिक खपाचे उच्चांक केले तो हाच एफ-१५०. तो जन्माला आला एका वजनकाट्याच्या पलीकडे उडी मारून!

अ‍ॅव्हरेजच्या नियमातही सुरुवातीची रेघ ६००० चीच होती. १९८० च्या मॉडेलपासून ती ८५०० केली, तेव्हा पाऊण टनी ट्रक तिच्या पलीकडे गेले. माझ्या शेजाऱ्याच्या स्टिकरचं रहस्य तेच. या जड पिकपना इंधनाचा पहिला नियम लागला तो थेट २०१४ च्या मॉडेलला, आणि त्यातही जितकी ओढायची क्षमता जास्त तितकं लक्ष्य सैल. करसवलतीतही ६००० आहेच. धंद्यासाठी घेतलेली गाडी ६००० पौंडांच्या वर असेल तर तिची किंमत एकरकमी खर्चात दाखवायची मर्यादा २००३ मध्ये एक लाख डॉलर झाली. डॉक्टर-वकील हमर घेऊन फिरायला लागले, तेव्हा २००४ मध्ये एसयूव्हीसाठी ती २५ हजारांवर आणली. लांब हौद्याच्या पिकप त्यातून वगळल्या. आणि कमी अ‍ॅव्हरेजच्या मोटारींवर १९७८ च्या कायद्याने जो खास कर बसला, तो ट्रकना कधी लागलाच नाही.

तेव्हा डिझायनरने काय करावं? रेघेच्या अलीकडे राहून काटकसर शिकावी, की पलीकडे जाऊन मोकळं व्हावं?

१९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि सगळ्यांचीच काळजी मिटली. ट्रकचं लक्ष्य १९९६ ते २००४ अशी नऊ वर्षं २०.७ वर (लिटरला ८.८) गोठलेलं राहिलं. संसदेनेच बरीच वर्षं, हे आकडे बदलण्यावर खात्याने पैसा खर्च करायचा नाही, असं बजेटमध्ये लिहून ठेवलं होतं. शिवाय कायद्यातला आकडा जुन्या, प्रयोगशाळेतल्या रोलरवरच्या चाचणीचा. तिथल्या 'हायवे'चा सरासरी वेग ताशी ४८ मैल! रस्त्यावर हाती येतं ते बरंच कमी.

ईपीएच्या आकडेवारीनुसार सर्व नव्या गाड्यांची सरासरी १९७५ मध्ये १३.१ होती, १९८७ मध्ये २२ झाली, आणि २००४ मध्ये घसरून १९.३ वर आली. तोवर निम्म्या नव्या गाड्या 'ट्रक' या सदरात मोडत होत्या. इंजिनिअर झोपले होते का? मुळीच नाही. फ्युएल इंजेक्शन आलं, चार व्हॉल्व आले, गिअर वाढले. ख्रिस्तोफर निटेल या अर्थशास्त्रज्ञाने २०११ मध्ये हिशोब मांडला: गाड्यांचं वजन आणि ताकद १९८० इतकीच ठेवली असती तर २००६ पर्यंत अ‍ॅव्हरेज जवळजवळ ६० टक्के वाढलं असतं. वाढलं १५ टक्के. उरलेली सगळी कमाई वजनात आणि हॉर्सपॉवरमध्ये उडवली. इंजिनिअर म्हणून मला हा आकडा टोचतो. आम्ही घाम गाळून वाचवलेलं तेल मार्केटिंगवाल्यांनी शून्य ते साठच्या शर्यतीत ओतलं.

आणि पिकपच्या अ‍ॅव्हरेजने एवढा काय फरक पडतो असं वाटत असेल तर हे गणित बघा. वर्षाला १२ हजार मैल धरा. ३० देणारी मोटार ४० द्यायला लागली तर ४०० चे ३०० गॅलन होतात, वाचले १००. आणि १२ देणारा ट्रक १५ द्यायला लागला तर १००० चे ८००, म्हणजे वाचले २००! तीन मैलांची सुधारणा दहा मैलांच्या दुप्पट तेल वाचवते. म्हणजे जिथे थोड्या मेहनतीत सर्वाधिक फायदा होता, तिथेच कायद्याने सवलत दिली. आणि बिल भरतोय तो प्लंबर, ज्याच्यासाठी म्हणून सवलत होती.

जुलै २००८ मध्ये तेल पिंपाला १४७ डॉलर झालं, पेट्रोल गॅलनला चारच्या वर. त्याआधी मे महिन्यातच फोर्डच्या पिकपचा पहिला नंबर गेला होता, चार-चार जपानी मोटारी पुढे गेल्या. डिसेंबरात पेट्रोल दोन डॉलरच्या खाली आलं. पुढचं सांगायला नको.

याच सुमारास नियमाची तऱ्हा बदलली. २००८ च्या मॉडेलपासून ट्रकचं लक्ष्य चार चाकांच्या मधल्या आयताच्या क्षेत्रफळावर ठरायला लागलं. आयत मोठा तर लक्ष्य सैल. हेतू चांगला होता: कंपन्यांनी अ‍ॅव्हरेजसाठी गाड्या धोकादायक इतक्या लहान करू नयेत. पण मिशिगन विद्यापीठाच्या व्हाइटफूट आणि स्केर्लोस यांनी २०१२ मध्ये दाखवलं की यामुळे गाडी मोठी करण्याचंच आमिष तयार होतं. लहान पिकपवर तर लक्ष्य भलतंच कडक बसलं. डिसेंबर २०११ मध्ये रेंजर बनवणारा फोर्डचा सेंट पॉलचा कारखाना बंद झाला, डॉज डकोटाही त्याच वर्षी गेली. खप आधीच घसरत होता, सगळा दोष नियमाचा नाही. पण २०१९ मध्ये रेंजर परत आली ती अंगाने वाढूनच.

मोठ्या ट्रकमध्ये प्रगती झाली, ते कबूल केलं पाहिजे. २०११ मध्ये एफ-१५० ला टर्बो व्ही-६ आलं. २०१५ मध्ये फोर्डने तिचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं केलं आणि सातशे पौंडांपर्यंत वजन उतरवलं. वर्षाला लाखोंनी खपणाऱ्या ट्रकवर असा जुगार खेळायला छाती लागते.

आणि मग २०२२ च्या मॉडेलला आली फोर्डची मॅव्हरिक. छोटी, मूळ इंजिन हायब्रिड, सुरुवातीची किंमत वीस हजारांच्या आत, शहरात गॅलनला ४२ मैल, म्हणजे लिटरला जवळजवळ १८ किलोमीटर. बनते मेक्सिकोत, व्यापार करारामुळे चिकन टॅक्सच्या तावडीतून सुटून. 'अमेरिकन माणसाला छोटा ट्रक नकोच असतो' हे वाक्य मी इथे इतक्यांदा ऐकलंय! पहिल्याच वर्षी हायब्रिडच्या मागण्या इतक्या आल्या की फोर्डला बुकिंग बंद करावं लागलं.

जुलै २०२५ मध्ये संसदेने १९७५ च्या त्या कायद्यातला अ‍ॅव्हरेज न गाठल्याबद्दलचा दंड शून्य डॉलर केला. कायदा पुस्तकात राहिला, लक्ष्याचे आकडेही राहिले. शेजाऱ्याला ही बातमी सांगितली तर त्याने विचारलं, "म्हणजे माझं तेलाचं बिल कमी होणार का?"