मातीचा गिलावा
* 'चुन्याचा गिलावा' : लेखकाचा हा शब्द अपुरा आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली बेसाल्टवर आधी मातीचा थर असून चुना फक्त वरच्या पातळ लेपात आहे. माती दाब सोसते, पण वाळताना आकसते आणि ताण आला की तडकते. म्हणून तिच्यात भाताचे तूस, गवत कालवले. पोपडा निघालेल्या कडेशी त्या काड्या अजून दिसतात. पुढे हेच तूस किडीचे खाद्य झाले. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले (राजदेव सिंह व एम. एम. सरदेसाई, २०१६) आणि तिथे कीड फारशी लागली नाही. आजच्या काँक्रीटमध्ये तंतू घालतात तेही तडा रोखण्यासाठीच. या गिलाव्याच्या दुरुस्तीला मात्र सिमेंट नकोच : ते मातीपेक्षा फार ताठ, शिवाय त्यातले क्षार रंगांपर्यंत पोचतात. – संपा.