ग्रहणाचा ठपका

आमच्या केळशीच्या घरात आजीच्या पहिल्या मुलाला नाव नाही. बारशाआधीच ते गेले. 1939चा माघ महिना. दूध पाजले की ठसका लागे, तोंडाला फेस येई, अंग निळे पडे. चौथ्या दिवशी सारे संपले. आदल्या नोव्हेंबरातल्या चंद्रग्रहणात आजीने विळी हाती धरली होती म्हणे; तो ठपका तिला जन्मभर पुरला.

वर्णनावरून ही जन्मजात अन्ननलिकेची विकृती वाटते. तिच्यात नलिकेचा वरचा भाग पिशवीसारखा बंद असतो, खालचा बहुधा श्वासनलिकेला जोडलेला. टॉमस गिब्सनने 1697मध्ये हे लिहून ठेवले. उपाय मात्र अडीचशे वर्षे सापडला नाही. मुंबईत 1929पासून वाडिया बालरुग्णालय होते, पण ही विद्या तेव्हा जगातच नव्हती.

नोव्हेंबर 1939मध्ये अमेरिकेत लॅड आणि लेव्हेन यांनी स्वतंत्रपणे अशी एकेक मुले वाचवली. आधी पोटाला छिद्र पाडून दूध दिले, नवा अन्नमार्ग पुढे टप्प्याटप्प्याने घडवला. 1941मध्ये कॅमेरॉन हाइटने बारा दिवसांच्या मुलीची छाती उघडली, श्वासनलिकेचा जोड तोडला आणि अन्ननलिकेची दोन्ही टोके एकाच शस्त्रक्रियेत शिवली. ती जगली. आज बहुधा उजव्या बाजूने, फासळ्यांमधून, कधी दुर्बिणीने हेच करतात.

अन्ननलिका आणि श्वासनलिका वेगळ्या होतात त्या गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात. ते ग्रहण लागले तेव्हा आजीला सहावा महिना होता. हे ऐकायला ती उरली नाही, म्हणून इथे लिहितो.