सायकलस्वाराचे गाऱ्हाणे आणि मुधोळचा रस्ता

रस्त्यात खड्डा पडला आहे, फरशीचा कठडा ढासळला आहे, वळणावर गिट्टी सुटून पसरली आहे, हे पाहणारे पुष्कळ असतात. ते लेखी कळविणारे थोडे. आणि कळवावयाचे ते कोणास, हे नेमके ठाऊक असलेले त्याहूनही थोडे. गोदावरीच्या उत्तरेस, बासर आणि भैसा यांच्या दरम्यान वसलेल्या मुधोळ गावी तर या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या हयातीत अनेकदा बदलले आहे. (शिकारी कुत्र्यांसाठी ज्याचे नाव घेतले जाते ते घोरपड्यांचे मुधोळ कर्नाटकात आहे, हे निराळे.) सायकलस्वाराने रस्त्याबद्दल केलेल्या गाऱ्हाण्याचा इतिहास तसा दूरदेशीचा आहे, पण त्याची कसोटी मुधोळसारख्या सीमेवरच्या गावी जितकी चांगली लागते तितकी मोठ्या शहरात लागत नाही.

सायकलस्वारच का, असे कोणी विचारील. बैलगाडीस खड्ड्याचे फारसे सोयरसुतक नसते. मोटारीस चार चाके आणि स्प्रिंगा असतात. पायी चालणारा वळसा घालून जातो. सायकल मात्र दोन अरुंद चाकांवर तोल सांभाळीत चाललेली असते, आणि चार बोटे रुंदीची भेगसुद्धा तिचे पुढचे चाक धरून ठेवू शकते. त्यातून मुधोळ-भैसा भागातील जमीन काळी, कापसाची. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा रस्ता मग तिच्याबरोबर हलतो, डांबराला तडे जातात, तड्यांतून पाणी उतरते आणि वाहनांची चाके गिट्टी उपटून काढतात. कच्च्या वाटेवर तर पावसाळ्यात गाडीच्या लोखंडी धावेने उमटलेला चर ऊन पडताच विटेसारखा कडक होतो. यालाच चाकोरी म्हणतात. मराठी भाषेने हा शब्द बिनधोक, ठरावीक आयुष्यासाठी योजला आहे, यावरून तो गाडीवानाने रूढ केला असावा हे उघड आहे. सायकलस्वाराकडे ते काम असते, तर चाकोरीचा अर्थ पडण्याची जागा असा झाला असता.

या गाऱ्हाण्याला संघटित रूप प्रथम इंग्लंडात आले. 1878 साली हॅरोगेट येथे सायकलवरून प्रवास करणाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला. 1883 पासून तो ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या काळची सायकल पुढचे चाक पुरुषभर उंच असलेली. एखादा दगड आडवा आला की स्वार चाकावरून पुढे डोक्यावर आपटे. तेव्हा पुढच्या गावी उतरण कशी आहे, रस्ता कोठे वाहून गेला आहे, ही माहिती त्याच्या दृष्टीने जिवाची होती. संघाने गावोगावी प्रतिनिधी नेमले आणि त्यांना ‘कॉन्सल’ असे भारदस्त नाव दिले. सायकलस्वारांच्या संघटनांनी घाटांच्या माथ्यावर स्वखर्चाने लोखंडी पाट्याही उभारल्या. ही उतरण धोक्याची आहे, एवढाच त्यांचा मजकूर असे. रस्ता ज्यांच्या ताब्यात, त्यांनी ते काम केले नव्हते; ते वापरणाऱ्यांनी केले.

पाटी लावल्याने उतरण सौम्य होत नाही आणि खड्डाही बुजत नाही. म्हणून 1886 साली दोन सायकल-संघटनांनी मिळून रस्ते-सुधारणा मंडळ काढले. रस्त्याची निगा कशी राखावी यावर पत्रके छापून ती रस्त्यांच्या देखरेखीवर असलेल्या अधिकाऱ्यांकडे धाडणे हा या मंडळाचा आरंभीचा उद्योग होता. येथे एक मोठी अडचण होती. 1835 च्या कायद्यान्वये रस्ते मुख्यतः लहान लहान पॅरिशांच्या हाती होते. एका सकाळच्या प्रवासात सायकलस्वार पाचसहा पॅरिशांतून जाई आणि प्रत्येकीचा देखरेख्या वेगळा. त्यांपैकी कित्येकांना रस्ताबांधणीचे कसलेही शिक्षण नसे. 1888 च्या कायद्याने परगण्यांची कौन्सिले निर्माण झाली आणि मुख्य रस्ते त्यांच्याकडे गेले, तेव्हा गाऱ्हाण्याला प्रथमच एक भक्कम पत्ता मिळाला. 1903 च्या कायद्याने धोक्याच्या वळणांवर व तीव्र उतारांवर सूचनाफलक लावणे हेही स्थानिक सत्तेचेच कर्तव्य ठरले. गंमत अशी की तो कायदा मोटारगाड्यांसाठी झालेला होता. पंचवीस वर्षे सायकलवाल्यांनी मागितलेली गोष्ट मोटारवाल्यांच्या नावाने पदरात पडली, आणि पुढे रस्ते-चळवळीचे श्रेयही बहुतांशी मोटारीच्याच खात्यावर जमा झाले.

अमेरिकेतही हेच घडले. 1880 साली न्यूपोर्ट येथे स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या लीगने 1892 पासून ‘गुड रोड्स’ नावाचे मासिक चालविले. शहरातील हौशी लोकांच्या सहलींसाठी आपण कर का भरावा, हा तेथील शेतकऱ्याचा सवाल होता, आणि तो मुळीच अडाणीपणाचा नव्हता. चिखलात रुतलेल्या रस्त्यापायी बाजारात माल नेताना त्याचे स्वतःचे किती नुकसान होते, हे पटवून द्यावयास लीगला बरेच कागद खर्चावे लागले. 1893 साली संयुक्त संस्थानांच्या सरकारने रस्त्यांच्या चौकशीसाठी एक कचेरी उघडली, ती शेतकी खात्यात.

एवढे होऊनही इंग्लंडात सायकलस्वाराच्या हाती कायद्याचे हत्यार नव्हते. तेथील न्यायालयांचा जुना दंडक असा की रस्ता दुरुस्त करताना चूक केली, तर सत्तेने भरपाई द्यावी. परंतु दुरुस्तीच केली नाही, तर तिच्याकडे भरपाई मागता येणार नाही. ऐकणाऱ्यास हे विचित्र वाटेल, पण स्वस्थ बसणाऱ्यास संरक्षण आणि हात चालविणाऱ्यास शिक्षा असा हा न्याय पिढ्यानपिढ्या चालला. तो मोडला 1961 च्या कायद्याने, आणि त्याचा अंमल 1964 पासून सुरू झाला. या कायद्यात एक कलम फार महत्त्वाचे आहे. सत्तेने योग्य काळजी घेतली होती की नाही हे ठरविताना न्यायालयाने ज्या गोष्टी पाहावयाच्या, त्यांत एक अशी: रस्त्याचा तो भाग धोक्याचा आहे हे त्या सत्तेस ठाऊक होते काय, किंवा ठाऊक असावयास हवे होते काय? एका ओळीने पोस्टकार्डाची किंमत बदलली. तोपर्यंत गाऱ्हाणे ही विनंती होती. आता तो पुरावा झाला. 2007 साली त्याच जुन्या सायकल-संघाने खड्डे कळविण्याची सोय संगणकाच्या जाळ्यावर केली आणि आलेली तक्रार संबंधित कौन्सिलकडे पोचती करण्याचे काम अंगावर घेतले. साधन नवे, पण काम 1886 चेच.

मुधोळचा सायकलस्वार या इतिहासाचा वारस खरा. पण इंग्रज सायकलस्वाराला मिळालेला भक्कम पत्ता त्याच्या वाट्यास आला नाही. निजामाच्या राज्यात मुधोळ हा नांदेड जिल्ह्यातील तालुका होता. राजभाषा उर्दू. हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडकडे जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली आणि बासर, धर्माबाद ही स्थानके तिच्यावर आली. 1932 साली त्याच संस्थानच्या रेल्वेने मोटारबसेस सुरू केल्या. रेल्वे आणि बस ज्या गावांना शिवली नाहीत, तेथून स्थानकापर्यंतचा रस्ता मात्र पायांचा, बैलांचा आणि पुढे सायकलीचा राहिला.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. आठ वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्यपुनर्रचना अमलात आली. त्या कायद्यात नांदेड जिल्हा मुंबई राज्यात देताना मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैसा आणि कुबीर ही तीन महसुली मंडळे वगळलेली आहेत. ती आंध्र प्रदेशात, आदिलाबाद जिल्ह्यात गेली. तालुक्याचा उरलेला भाग नांदेडकडे राहिला. त्याच कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. कोणी कोणास काय दिले याचा हिशेब अद्यापही काढला जातो. तो येथे नको. रस्त्यापुरते पाहावयाचे, तर कालपर्यंत जे पत्र नांदेडला जात होते ते आता आदिलाबादला धाडावे लागले.

पुढेही दोन्ही बाजूंची घड्याळे एक चालली नाहीत. आंध्रात पंचायत समित्या व जिल्हा परिषदा 1959 मध्ये आल्या. महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी. 1985 मध्ये आंध्रातील तालुके मोडून लहान लहान मंडले झाली. 2 जून 2014 रोजी तेलंगण राज्य झाले आणि 11 ऑक्टोबर 2016 रोजी आदिलाबादचे विभाजन होऊन मुधोळ नव्या निर्मल जिल्ह्यात आले. म्हणजे 1956 साली दहा वर्षांचा असलेला मुलगा सत्तरीत पोहोचेपर्यंत त्याच्या गावच्या रस्त्याचे जिल्हा-ठाणे दोनदा बदलले, राज्य दोनदा बदलले, तालुका नाहीसा झाला, आणि रस्ता जेथल्या तेथे राहिला. उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. 2018 मध्ये पलीकडच्या धर्माबाद तालुक्यातील अनेक गावांच्या सरपंचांनी, आम्हांस तेलंगणात घ्यावे, अशी मागणी केली होती. तेथील शेतकऱ्यांसाठीच्या योजना व सोयी त्यांना डोळ्यांसमोर दिसत होत्या. सीमेवरचा माणूस शेजाऱ्याच्या सोयीवरून आपली गैरसोय मोजतो, आणि ते स्वाभाविक आहे.

त्यातून एकाच गावाचे सगळे रस्ते एका मालकाचे नसतात. भैशातून जाणारा, नांदेड-भोकरकडून निर्मलकडे निघालेला 61 क्रमांकाचा महामार्ग राष्ट्रीय. इतर मोठे रस्ते राज्याच्या रस्ते व इमारती खात्याचे. खेड्यांना जोडणारे कित्येक पंचायत राज खात्याच्या अभियंत्यांचे. आणि गल्लीतील रस्ता ग्रामपंचायतीचा. सीमा ओलांडून धर्माबादकडे गेले की हीच वाटणी सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद या नावांनी भेटते. सायकलस्वाराला यात एकच सोपी खूण आहे, ती म्हणजे किलोमीटरचा दगड. माथा पिवळा असेल तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. काळा बहुधा जिल्हामार्गाचा आणि नारिंगी गावरस्त्याचा. मोटारीतून जाणाऱ्याच्या नजरेतून तो दगड निसटतो. सायकलवाल्याला तो वाचावयास पुरेसा वेळ मिळतो, चढ असेल तर जरा जास्तच.

भारतीय कायदा या बाबतीत उशिरा जागा झाला. मुंबई शहरात 1888 च्या अधिनियमापासून रस्ते राखणे हे महापालिकेचे आवश्यक कर्तव्य मानले गेले आहे. पण कर्तव्य चुकल्यास पुढे काय, हे मोघमच होते. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी रस्त्यांच्या दुर्दशेविषयी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्राचीच जनहित याचिका करून घेतली. खड्ड्यांविषयीचे एक पत्र इतक्या दूरवर गेल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. अर्थात ते लिहिणारे न्यायमूर्ती होते, हेही विसरता कामा नये. त्या प्रकरणात चांगले रस्ते मिळणे हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने 2015 मध्ये म्हटले, 2018 मध्ये तक्रारी घेण्याची पक्की व्यवस्था ठेवण्याचे आदेश दिले, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू ओढवल्यास वारसांना 6 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केला.

हे सर्व महाराष्ट्रापुरते. मुधोळ या न्यायालयाच्या अधिकारकक्षेबाहेर. परंतु 2019 साली केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम आले, ते दोन्ही बाजूंस सारखेच लागू आहे. रस्त्याची रचना, बांधणी वा निगा ठरलेल्या दर्जाची न राखल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार अधिकारी-संस्था, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि न्यायालयाने पाहावयाच्या गोष्टींत तीच जुनी ओळ जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे: तो भाग धोक्याचा असल्याचे त्या संस्थेस ठाऊक होते काय, किंवा ठाऊक असावयास हवे होते काय? 1961 चे विलायती वाक्य अठ्ठावन्न वर्षांनी गोदातीरी येऊन पोहोचले. त्यामुळे अर्ज देताना किलोमीटरचा आकडा, कोणत्या बाजूची साइडपट्टी खचली आहे ते, तारीख, आणि मुख्य म्हणजे कचेरीचा आवक क्रमांक व शिक्क्याची पोच या गोष्टींना आता वजन आहे. अपघातानंतर ‘आम्हांस कोणी कळविलेच नव्हते’ असे म्हणण्याची वाट त्या शिक्क्याने बंद होते.

राहता राहिला भाषेचा प्रश्न, आणि मुधोळात तो सर्वांत नाजूक आहे. या भागातील अनेक घरांत बोली मराठी. 1966 च्या कायद्याने आंध्राची राजभाषा तेलुगू झाली. मराठीत लिहिलेला अर्ज निर्मलच्या कचेरीने घ्यावा काय? घटनेचा 350 वा अनुच्छेद सांगतो की कोणाही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन करण्याचा हक्क आहे. त्याच अनुच्छेदास जोडून भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद 1956 साली, म्हणजे मुधोळ तेलुगू मुलखात गेले त्याच वर्षी, घटनेत घातली गेली. म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही. उत्तर कोणत्या भाषेत द्यावे, याबद्दल मात्र तो अनुच्छेद काही बोलत नाही. आणि जो अर्ज कचेरीत कोणास वाचता आला नाही, त्याने धोका त्या कचेरीस ‘ठाऊक’ झाला असे धरावयाचे की नाही, हे 198-अ कलमातही लिहिलेले नाही. तोवर मराठी अर्जास एक तेलुगू प्रत जोडणे शहाणपणाचे. पण आवक क्रमांक मात्र मराठी अर्जावरही मागून घ्यावा.