राउटरचा पंचनामा

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या लोकांना नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात जमीन वरचेवर हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घरांना तडे गेले, माणसे थंडीत तंबूंमध्ये झोपू लागली. हे धक्के नेमके कुठून आणि किती खोलीवरून येतात, हे लांबच्या यंत्रांवरून सांगणे अवघड होते. शास्त्रज्ञांनी याच भागात भूकंपमापक बसवले आणि धक्क्याची नोंद जागेवर होऊ लागली, तेव्हा कुठे अभ्यासाला पक्का आधार मिळाला.

आज ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे, ते या संकटाच्या मानाने अगदी क्षुल्लक. घरात किंवा ग्रामपंचायतीत भिंतीवर टांगलेला, इंटरनेट वाटून देणारा राउटर. पण तो कोसळतो तेव्हा त्याचे कारण शोधण्याची वाटही हीच आहे. कोसळण्याच्या क्षणाची नोंद हाती लागली, तर कारण सापडते. ती पुसली गेली, तर उरतात फक्त तर्क.

राउटर दिसायला डबीएवढा असला, तरी तो एक पूर्ण संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, स्मृती असते आणि सगळा कारभार पाहणारी कार्यप्रणालीही असते. या कार्यप्रणालीच्या गाभ्याला ‘कर्नेल’ म्हणतात. एखादा साधा प्रोग्रॅम बिघडला, तर कर्नेल त्याला बाजूला करून काम पुढे चालवतो. पण खुद्द कर्नेलच गोंधळला, तर त्याला सावरणारे वर कोणी नसते. मग तो हात टेकतो. याला संगणकाच्या भाषेत ‘पॅनिक’ म्हणतात.

या शब्दाला एक इतिहास आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत ‘मल्टिक्स’ नावाची मोठी कार्यप्रणाली तयार होत होती. बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये त्या प्रकल्पातून बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही सुटसुटीत प्रणाली रचली. मल्टिक्सवर काम केलेले टॉम व्हॅन व्ह्लेक एक आठवण सांगतात. मल्टिक्समध्ये चुकांतून सावरण्यासाठी किती प्रचंड मजकूर लिहावा लागतो, असे ते रिचींना म्हणाले. त्यावर रिचींचे म्हणणे असे, की आम्ही ते सारे गाळूनच टाकले. चूक झाली की यंत्र बंद पडते आणि आम्ही बोळातल्या सहकाऱ्याला हाक मारून ते पुन्हा चालू करायला सांगतो.

त्या काळी एक सोय होती. संगणकाची स्मृती लोहचुंबकीय कड्यांची असे आणि वीज गेली तरी तिच्यातला मजकूर टिकून राही. तो कागदावर उतरवून तज्ज्ञ मंडळी पंचनामा करीत. त्या कड्यांना ‘कोअर’ म्हणत, म्हणून अशा उताऱ्याला ‘कोअर डम्प’ हे नाव पडले. कडी केव्हाच गेली, नाव मात्र राहिले.

घरातल्या राउटरचा पंचनामा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला, तो पुढे बऱ्याच वर्षांनी. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीने ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा राउटर बाजारात आणला. त्यात लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरली आहे, हे २००३ मध्ये काही जाणकारांच्या ध्यानात आले. लिनक्सचा परवाना सांगतो, की ती वापरून वस्तू विकणाऱ्याने तिचा मूळ मजकूरही लोकांना द्यावा. मागणी झाली आणि कंपनीने तो खुला केला. त्यातूनच २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. बंद डबीच्या आत काय चालते, ते वाचण्याची आणि दुरुस्त करण्याची मुभा कुणालाही मिळाली.

तरीही एक अडचण होतीच. आजची स्मृती वीज जाताच कोरी होते. बहुतेक राउटर आपल्या नोंदी या स्मृतीतच ठेवतात, त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू झाले की पुरावा नाहीसा. नोंदी शेजारच्या संगणकाकडे पाठवता येतात, पण कर्नेल कोसळताना बहुधा जाळेही कोसळते आणि शेवटच्या ओळी पोहोचतच नाहीत. यावर उपाय म्हणून २०१० च्या सुमारास लिनक्समध्ये ‘रॅमऊप्स’ ही सोय आली. स्मृतीचा एक कोपरा राखून ठेवायचा, कर्नेलने आपले अखेरचे शब्द तिथे लिहायचे आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ‘पीस्टोअर’ नावाच्या जागी ते वाचायचे. ही सोय असलेल्या राउटरवर एक पथ्य मात्र पाळावे लागते. वीज तोडायची नाही. आपण नेमके उलट करतो. राउटर अडला की प्लग काढतो, दहापर्यंत आकडे मोजतो आणि पुन्हा लावतो. काम चालू होते, पण साक्षीदार जातो.

शिवाय राउटर पुष्कळदा स्वतःच उठून बसतो. ओपनडब्ल्यूआरटीत पॅनिकनंतर ३ सेकंदांनी यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी नेहमीची व्यवस्था असते. बोळात हाक मारायला कोणी नसेल तिथे ती हवीच. पण वापरणाऱ्याला वाटते, लाइन गेली होती. म्हणून पहिली तपासणी सोपी आहे. राउटर किती वेळ सलग चालू आहे, हे त्याच्या पानावर पाहावे. वीज गेली नसताना तो आकडा शून्यापासून सुरू झाला असेल, तर दोष बाहेरच्या तारेत नाही, डबीत आहे.

त्यानंतर अखेरच्या नोंदी ताडून पाहाव्यात. प्रत्येक वेळी कर्नेल एकाच जागी कोसळत असेल, तर बहुधा सॉफ्टवेअरची चूक. नवी आवृत्ती घालावी किंवा जुनीकडे परतावे. दरवेळी जागा वेगळी असेल, तर संशय यंत्रावर घ्यावा. थकलेला अॅडॉप्टर, कमी-जास्त होणारा वीजदाब, पत्र्याखालची उष्णता किंवा सदोष स्मृती. आधी अॅडॉप्टर बदलून पाहावा. तो सर्वांत स्वस्त उपाय.

एवढा खटाटोप कशासाठी? पालघर जिल्ह्यातच, डहाणूच्या दक्षिणेला खामलोली आणि आसपासच्या गावांत, मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने दूरदर्शनच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. त्यांचा ‘ग्राममार्ग’ प्रकल्प २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत विजेता ठरला. लहरी डोंगर ओलांडून गावात पोहोचतात, पण शेवटी काम त्या एका डबीवर येऊन थांबते. शहरात ती बिघडली तर दुपारपर्यंत दुसरी येते. तलासरीच्या एखाद्या पाड्यावर परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस असेल, तर नुसत्या खोळंब्यावर भागत नाही, मुलाचे वर्ष जाते.

अशा ठिकाणी तंत्रज्ञ येईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा गावातल्याच एखाद्या मुलीला किंवा मुलाला त्या अखेरच्या ओळी वाचता येणे अधिक मोलाचे. मजकूर खुला आहे, अवजारे फुकट आहेत. शिकवणारे मात्र हवेत.